इमॅजिकाची सहल आणि दुकानाचा गल्ला

खोपोलीच्या इमॅजिकाला चौघं जायचं ठरलं की आपण तिकीट गुणिले चार करतो आणि म्हणतो, झालं बजेट! पण गेटच्या आत जेवण आहे, लॉकर आहे, फोटो आहेत. तिकिटावर १८ टक्के जीएसटी. दर बघताना तो धरलाय का, ते तपासा. शिवाय दुकान बंद ठेवलंत तर त्या दिवसाचा नफाही खर्चातच लिहा. हे कोणी लिहीतच नाही! म्हणून साप्ताहिक सुट्टीचाच वार निवडा. मधला वार असेल तर रविवारपेक्षा तिकीट बहुधा स्वस्त, रांगाही लहान.

आणि पैसे? गल्ल्यातून काढू नका, ते मालाचे आहेत. स्वतःला पगार लावा, त्यातले दरमहा हजार बाजूला टाका. तिकीट वाढलं आणि पैसे कमी पडले, तर सहल दोन महिने पुढे ढकला; होलसेलवाल्याचं पेमेंट मात्र तारखेलाच करा.