मज्जातंतूची इजा आणि प्रतीक्षेचा हिशेब

सोनोग्राफी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गर्भवती स्त्री उभी राहते आणि तिच्या पाठोपाठ ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी. श्राव्यातीत ध्वनीचे हे यंत्र आपल्या समाजात ज्या कारणाने गाजले, ते अभिमान वाटावे असे खासच नाही. परंतु त्या गदारोळात त्याचे एक अत्यंत मोलाचे काम दृष्टीआड राहिले आहे. अपघातात हाताच्या मज्जातंतूला इजा झाली असता तो नुसता चेंगरला आहे की पार तुटला आहे, हे त्याच ध्वनिलहरी बऱ्याच वेळा दाखवू शकतात. हा प्रांत डॉक्टरांचा, हे खरे. तथापि त्याच्या मुळाशी वेळेचा आणि कमाईचा एक हिशेब आहे, आणि म्हणून अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यात डोकावणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून रेडिअल नावाचा मज्जातंतू खाली उतरतो. तो हाडाला इतका लगटून जातो की, मधल्या भागात हाड मोडलेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे बारा जणांत तोही दुखावतो. अशा माणसाचे मनगट लुळे पडून खाली लोंबते. बोटे मिटतात, पण सरळ होत नाहीत. गवंड्याला थापी धरता येत नाही आणि कारकुनाची बोटे कळफलकावरून उचलली जात नाहीत.

आता या तंतूला नेमके झाले काय? ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली अशा इजांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात तंतू शाबूत असतो, केवळ त्यातून जाणारा संदेश थांबतो. तो काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतो. दुसऱ्यात आतील धागे तुटतात, पण आवरण टिकते, आणि त्या आवरणातून धागे पुन्हा वाढत जातात. तिसऱ्यात सारेच तुटते. तेथे टाके घातल्याखेरीज किंवा दुसरा तंतू जोडल्याखेरीज गत्यंतर नसते. बाहेरून मात्र तिन्हींचे रूप एकच : लुळा हात. विजेच्या साह्याने केलेली स्नायूंची तपासणी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पुरते सांगत नाही. आणि त्यानंतरही दुसरा प्रकार कोणता व तिसरा कोणता, हे तिला लवकर ओळखता येत नाही. म्हणून परंपरेने तीन-चार महिने वाट पाहण्याचा सल्ला दिला जातो.

हा सल्ला चुकीचा आहे असे मुळीच नाही. त्वचा न फाटता हाड मोडले असेल, तर बहुसंख्य रुग्णांचा हात शस्त्रक्रियेवाचून सुधारतो. सर्वांचेच हात उघडून पाहणे हा अविचार होईल. (चाकूने वा काचेने कापलेल्या जखमेची गोष्ट वेगळी, तेथे तंतू तुटल्याची शंका आली तर थांबायचे नसते.) पण जी वाट बहुसंख्यांना हितकर ठरते, तीच मूठभरांना फार महाग पडते. वाढता तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर पुढे सरकतो. अल्नर हा तळहातातील बारीक स्नायूंना चालवणारा तंतू. तो दंडाच्या मध्यावर तुटला, तर तेथून त्या स्नायूंपर्यंतचे अंतर सुमारे चाळीस सेंटिमीटर भरते, म्हणजे चारशे दिवस. इकडे संदेशावाचून राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होऊ लागतो. या तुटपुंज्या शिलकेतून आरंभीचेच शंभर दिवस प्रतीक्षेत खर्च झाले, तर मागे काय उरते? रुग्णालयाच्या जमाखर्चात हे शंभर दिवस कोठेच दिसत नाहीत. ते पडतात रोग्याच्या खाती. रोजंदारीवरील माणसाच्या बाबतीत तर दोनदा पडतात : एकदा बुडालेल्या मजुरीच्या रूपाने आणि पुन्हा जन्मभर अधू राहिलेल्या हाताच्या रूपाने.

हातापायांतील मज्जातंतूंची सोनोग्राफीने काढलेली चित्रे ब्रुनो फोर्नाज यांनी १९८८ साली प्रसिद्ध केली; दंडाचे हाड मोडून दुखावलेल्या रेडिअल तंतूचा या दृष्टीने अभ्यास पुढे ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या डॉक्टरांनी २००१ साली मांडला. पोटाच्या तपासणीस कमी वारंवारतेचा ध्वनी लागतो, कारण त्याला खोल जायचे असते. हातातील तंतू बहुतेक ठिकाणी त्वचेखाली उथळच असल्याने बारा ते अठरा मेगाहर्ट्झचा, अधिक बारकावे टिपणारा ध्वनी तेथे चालतो. पडद्यावर तंतूचा आडवा छेद मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार दिसतो. तो तुटला असेल तर दोन टोके, त्यांमधील अंतर आणि टोकाशी धरलेली गाठ दिसू शकते; तो हाडाच्या तुकड्यांत अडकला आहे की शस्त्रक्रियेत बसवलेल्या पट्टीखाली दबला आहे, हेही पाहता येते. धातूमुळे एमआरआयचे चित्र जेथे बिघडते, तेथे याचा विशेष उपयोग. शिवाय दुसरा, निरोगी हात तुलनेला जवळच असतो. मर्यादाही आहेत. प्लॅस्टरवरून काही दिसत नाही, ताजी सूज चित्र गढूळ करते, आणि निष्कर्ष तपासणाऱ्याच्या कौशल्यावर फार अवलंबून राहतो.

मग अडते कोठे? काही जण गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याकडे बोट दाखवतात. महाराष्ट्राने असा कायदा देशात सर्वप्रथम, १९८८ साली केला; केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ च्या दुरुस्तीने नोंदणी नसलेल्यांना यंत्र विकण्यास मनाई झाली. राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ वर आली. हे आकडे पाहता ही बंधने सैल करा असे म्हणण्यास जीभ रेटत नाही. त्याची गरजही नाही. नोंदलेल्या केंद्रातील नोंदलेल्या यंत्राने दंड तपासण्यास कायद्याची आडकाठी नाही. हवा असतो तो उथळ भाग पाहण्याचा निराळा प्रोब आणि तंतू ओळखणारी नजर.

आणि ही नजर अनेक मोठ्या रुग्णालयांत आधीच हजर आहे. हाताच्या शस्त्रक्रियेपूर्वी केवळ तो हात बधिर करायचा असतो, तेव्हा भूलतज्ज्ञ याच पडद्यावर हेच मज्जातंतू शोधून त्यांच्याभोवती सुई नेतात. म्हणजे शस्त्रक्रियागृहात रोज दिसणारा तंतू अस्थिरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात मात्र अदृश्य राहतो! लुळ्या हाताच्या रोग्याच्या कागदावर ‘तीन महिन्यांनी या’ असे लिहिण्यापूर्वी त्याला क्ष-किरण विभागात किंवा त्या भूलतज्ज्ञाकडे पाठवावे, सूज उतरताच, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ही तपासणी व्हावी आणि ‘तंतू सलग’, ‘तंतू तुटलेला’ किंवा ‘अनिश्चित’ यांपैकी एक शेरा तारखेसह कागदावर यावा. यातील ‘तुटलेला’ शेरा मिळालेल्या रोग्यांना शस्त्रक्रियेची तारीख त्याच दिवशी देता येईल.