वटपौर्णिमेचा चंद्र, दत्तजयंतीचा चंद्र

आमच्या पुण्याच्या घराच्या पूर्वेकडील गॅलरीत उभे राहिले म्हणजे डाव्या हाताला एक जुनाट जांभूळ आणि उजव्या हाताला शेजारच्या गच्चीवरील पाण्याची टाकी दिसते. आणि मेच्या अखेरीस जांभळाआडून वर येणारा सूर्य मार्गशीर्षात त्या टाकीपलीकडून उगवतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ही ये-जा पूर्वबिंदूच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांची, म्हणजे एकंदर ५० अंशांची आहे, हे मात्र मला पुष्कळ उशिरा समजले, आणि ते एका संगणकप्रणालीमुळे समजले, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे.

स्टेलेरियम हे तिचे नाव. फाबियाँ शेरो या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने चालू शतकाच्या आरंभी तिची उभारणी सुरू केली आणि ती आजही विनामूल्य मिळते. आपला मुक्काम, तारीख आणि वेळ तीत घातली की त्या क्षणीचे आकाश पडद्यावर उभे राहते. परंतु माझ्या मते तिचा खरा उपयोग ताऱ्यांची नावे वाचण्यात नसून, घड्याळातील वेळ तीच ठेवून नुसते दिवस पुढे सरकवण्याची जी सोय तीत आहे, त्या सोयीत आहे. कळफलकावरील बरोबरच्या चिन्हाची कळ एकदा दाबली की बरोबर एक दिवस उलटतो.

मुक्काम पुणे आणि वेळ दुपारी साडेबारा असे ठरवून, दक्षिणेकडे दृष्टी लावून, मी २२ डिसेंबरपासून आरंभ केला. सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर होता. पहिल्या आठ-दहा दिवसांत तो जागचा हलतो की नाही असा संशय यावा इतका संथ. आणि तोच मार्चमध्ये दर दिवशी जवळजवळ आपल्या बिंबाइतका वर चढू लागला. संक्रांतीला सुरू होणारे म्हणून आपण ज्याचे स्वागत करतो ते उत्तरायण प्रत्यक्षात तीन आठवडे आधीच सुरू झालेले असते, हे येथे कोणत्याही वादावाचून दिसते. मेच्या मध्यास सूर्य थेट माथ्यावर आला, शून्य सावलीचा तो दिवस गेला, आणि पुढे मला पडद्यावरील दृष्टी उत्तरेकडे वळवावी लागली. कारण २१ जूनला पुण्याचा मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेस पाच अंश असतो. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा माथ्यावरून दक्षिणेला परतला.

या चढउताराबरोबर सूर्य पूर्व-पश्चिमही झुलत होता, आणि वर्षभराच्या त्याच्या जागा जोडल्या तर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी एक लांबट आकृती तयार झाली. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तिचा वेग कमीअधिक होतो आणि तिचा आस कललेला आहे, या दोन कारणांचा तो संयुक्त परिणाम होय. म्हणूनच पुण्यात खरा मध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास होतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४९ मिनिटांच्या सुमारास. आणि वर्षातील सर्वांत उशिराचा सूर्योदय सर्वांत लहान दिवशी न होता जानेवारीच्या मध्याच्या सुमारास होतो.

परंतु मी ज्यात खरोखर गुंतलो तो चंद्र. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो; त्यामुळे सूर्य दक्षिणेला असताना, दत्तजयंतीला, तो उंचावरून जातो आणि वटपौर्णिमेला दक्षिणेकडे खाली राहतो. इतके तर्कानेही कळते. मात्र चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाशी पाच अंशांनी कललेला आहे. हे दोन मार्ग जेथे छेदतात ते बिंदू म्हणजेच आपल्या पंचांगातले राहू आणि केतू, आणि ते उलट्या दिशेने सरकत १८.६ वर्षांत एक फेरा पुरा करतात. त्या फेऱ्यात हे पाच अंश कधी सूर्याच्या २३.५ अंशांत मिळतात, तर कधी त्यांतून वजा होतात. २०२५ सालच्या वटपौर्णिमेचा चंद्र मी पडद्यावर पाहिला, तो ऐन उंचीवर असताही अवघ्या ४३ अंशांवर होता. तारीख दहा वर्षे मागे नेली तेव्हा तोच चंद्र सुमारे दहा अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या एका मुठीइतका, वर सरकला. ज्या राहूला लहानपणी ग्रहणाच्या रात्री आम्ही भ्यालो, त्याचे गणित असे वटपौर्णिमेच्या चंद्राच्या उंचीत लिहिलेले आहे, हे पाहून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

ताळा पाहण्यासाठी २०२४ च्या दत्तजयंतीला मध्यरात्री मी गच्चीवर सहा फुटी काठी ओळंब्याने उभी केली. चांदणे इतके स्वच्छ होते की सावलीची कड खडूने आखता आली. सावली जेमतेम फूटभर, आणि ती दक्षिणेकडे पडली होती; चंद्र माथा ओलांडून उत्तरेला गेला होता. नंतर खाली येऊन संगणकावर २५ डिसेंबर २०३४ ही तारीख घातली. त्या पौर्णिमेला चंद्र पुण्याच्या जवळजवळ थेट माथ्यावरून जाईल आणि काठीची सावली तिच्या बुडाशीच गोळा होईल. गच्चीवरील खडूची रेघ पावसात जाणार, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना मी फरशीत छिन्नीने खुणा करून ठेवल्या आहेत.