चूक व्हावी पुतळ्यावर, रोग्यावर नव्हे!



हंगामाआधी आपल्या कारखान्यात काय करतात, ते आपण जाणताच. गव्हाणीत मोळी पडण्यापूर्वी यंत्रे रिकामी फिरवून पाहतात. दोष असेल तो तेव्हाच कळावा, ऊस आत गेल्यावर नव्हे. हाच विचार आता नर्सिंगच्या शिक्षणात रुजला आहे. आपल्या भागातील पुष्कळ मुली बी. एस्सी. नर्सिंगला जातात, म्हणून ही माहिती.

पूर्वी नवी मुलगी थेट वॉर्डात उभी राहायची. पहिले इंजेक्शन खऱ्या दंडावर, पहिली चूकही खऱ्या रोग्यावर! रोगी बहुधा आपल्यासारखाच गरीब, तो तरी काय बोलणार?

यावर उपाय म्हणजे रुग्णाचा हुबेहूब देखावा उभा करणे. ह्याला सिम्युलेशन म्हणतात. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत 1911 साली माणसाच्या उंचीची बाहुली आली. बाहुल्या बनविणाऱ्या मार्था चेस यांनी ती तयार केली. रोग्याला उचलणे, कुशीवर वळवणे मुली तिच्यावर शिकत. पुढे 1960 मध्ये नॉर्वेतील खेळण्यांचे कारखानदार ओस्मुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी पुतळा काढला. आजच्या पुतळ्यांना नाडी लागते, छाती वरखाली होते आणि पलीकडच्या खोलीतून शिक्षक त्यांच्या तोंडून बोलतो. काही ठिकाणी शिकविलेला माणूसच रोग्याचे सोंग घेतो.

एक उदाहरण घेऊ. उसाच्या फडात नाग चावलेला तोडणी कामगार, म्हणजे पुतळा, खाटेवर आहे. पापण्या जड झाल्यात. डॉक्टरांच्या हुकुमाने सलाईनमधून सर्पविषाची लस चालू झाली. दहा मिनिटांत पुतळा म्हणतो, "बाई, अंगाला खाज सुटली, जीव घाबरा होतोय." पडद्यावर रक्तदाब उतरतो. आता मुलीने काय करावे? लस ताबडतोब थांबवावी, डॉक्टरांना हाक मारावी, तयार ठेवलेले अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी द्यावे. रोगी सावरला की डॉक्टरांच्या सांगण्याने लस पुन्हा हळूहळू सुरू होते, कारण विषावर दुसरा उतारा नाही. मुलगी गोंधळली, वेळ गेला, तर पुतळा "दगावतो". पण कोणाचे कुंकू पुसले जात नाही.

खरे शिक्षण मात्र त्यानंतर. सगळ्यांना बसवून शिक्षिका विचारतात: काय दिसलं? काय सुटलं? का सुटलं? रागावणे नाही, हसणे नाही. ही चर्चा टाळली तर सगळा प्रयोग म्हणजे नुसते नाटक.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेतील दहा नर्सिंग अभ्यासक्रमांत याची मोठी पाहणी झाली. निष्कर्ष 2014 मध्ये छापले गेले. वॉर्डातील कामाचे निम्म्यापर्यंतचे तास सिम्युलेशनने भरले, तरी मुलींचे ज्ञान वा परीक्षेतील यश कमी पडले नाही. अट एवढीच की, शिक्षक तयार हवेत आणि साधने पुरेशी हवीत. आपल्याकडेही इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या 2021 च्या सुधारित बी. एस्सी. अभ्यासक्रमात सिम्युलेशनला स्थान आहे.

तरीपण पुतळा म्हणजे माणूस नव्हे. नातेवाइकांचा गलका, म्हाताऱ्या आजीची भीती, हातात हात घेऊन दिलेला धीर, हे वॉर्डातच शिकावे लागते. पुतळा रोग्याची जागा घेत नाही. मुलीला रोग्यापर्यंत तयार करून पोचवतो.

म्हणून पालकांना विनंती. प्रवेश घेताना इमारत पाहून भुलू नका. विचारा: पुतळ्यावर मुली स्वतः सराव करतात, की तो कपाटात कुलूपबंद आहे? नंतर चर्चा घेतात का? संलग्न रुग्णालयात रोगी येतात का? फीचे पैसे घामाचे आहेत. आणि उद्या त्या खाटेवर आपल्यापैकीच कोणीतरी असणार आहे.