शहापूर-मुरबाडच्या घाटवाटा

महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांतून सह्याद्रीची मुख्य धार ओलांडून अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर), पुणे व नासिक या जिल्ह्यांत उतरणाऱ्या जुन्या पायवाटा. कोकणपट्टी व देश यांना जोडणाऱ्या या वाटांना ‘घाट’ ही सर्वसाधारण संज्ञा असली, तरी स्थानिक बोलीत त्यांच्या स्वरूपानुसार दार, नाळ, शिडी, खिंड अशी वेगवेगळी नावे रूढ आहेत. निसर्गसौंदर्यामुळे त्या आज गिर्यारोहकांच्या परिचयाच्या आहेत. परंतु त्यांपैकी एकही वाट सौंदर्यासाठी पडलेली नाही. मीठ, तांदूळ, धान्य व गुरे यांची ने-आण आणि सोयरीक या गरजांतून त्या निर्माण झाल्या. ही गरज जेथे उरली, तेथे वाट टिकली आहे; जेथे ती संपली, तेथे काही पावसाळ्यांतच वाट पुसली गेली आहे.

या भागातील सह्याद्री दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाचा असून लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे, एकावर एक रचलेले आहेत. हे थर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे मानतात. कठीण थरांचे उभे कडे व मऊ थरांचे उतार आलटूनपालटून येत असल्याने पश्चिमेकडील बाजू जिन्यासारखी दिसते. पायथ्याची गावे समुद्रसपाटीपासून सु. १०० ते २०० मी. उंचीवर, तर माथ्याची धार सामान्यतः ७०० मी. किंवा त्याहून अधिक उंचीवर आहे. हरिश्चंद्रगडाजवळ ती १,४०० मी.च्या वर जाते व तेथील कोकणकडा मुरबाड तालुक्यातील बेलपाडा गावावर थेट उभा ठाकलेला दिसतो. चढाच्या साधारण मध्यावर दाट झाडीचा एक रुंद टप्पा बहुतेक ठिकाणी आढळतो. त्यास ‘पदर’ म्हणतात. घाटवाटेचा शोध म्हणजे वस्तुतः पदराच्या वरच्या कड्यात फट शोधणे होय. खडकातील भेगा किंवा झिजून गेलेल्या भित्ती यांच्या जागी पावसाच्या पाण्याने घळी खोदल्या आणि त्या घळींतूनच माणसाने वर जाण्याचा मार्ग काढला. काळू, शाई, भातसा इ. नद्यांचे अनेक प्रवाह अशाच घळींतून खाली येतात. त्यामुळे पुष्कळशा वाटा पावसाळ्यात स्वतःच ओढे बनतात.

वाटेचे रूप तिच्यावरून काय जात असे, यावर ठरते. लादलेला बैल ज्या वाटेने चढू शकतो ती रुंद, वळणे घेत जाणारी व शक्य तेथे दगडी फरसबंदीची असते. अशा वाटेस बैलघाट म्हणतात. डोक्यावर ओझे घेतलेल्या माणसापुरतीच असणारी वाट अरुंद व सरळ चढाची असते. नाळेची वाट म्हणजे घळीतील धोंड्यांवरून केलेली चढण. जेथे एखादा कातळटप्पा मध्ये येतो, तेथे पूर्वी बांबूची किंवा खाचा पाडलेल्या ओंडक्याची शिडी लावीत. त्यावरून शिडीची वाट हे नाव पडले. खडकात खोदलेल्या पायऱ्या व पाण्याची टाकी यांवरून मात्र त्या वाटेला राज्यकर्त्यांचा किंवा धनिकांचा आश्रय होता, हे ओळखावे. गावकऱ्यांच्या वाटेवर खोदकाम सहसा नसते.

या सर्वांत नाणेघाट हा निःसंशय महत्त्वाचा होय. कल्याणपासून सु. ६० किमी.वरील वैशाखरे (ता. मुरबाड) येथून चढणारी ही वाट जुन्नर तालुक्यातील घाटघर येथे माथ्यावर पोहोचते. (अकोले तालुक्यातही घाटमाथ्यावर घाटघर नावाचेच दुसरे गाव आहे, दोन्ही गावे घाटाच्या तोंडाशी वसलेली असल्याने हे नामसाम्य स्वाभाविक असले, तरी त्यामुळे गल्लत होते.) माथ्याजवळ खडकात खोदलेले लेणे असून त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील व प्राकृत भाषेतील विस्तृत लेख आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी, गेओर्ग ब्यूलर, वा. वि. मिराशी इत्यादींनी त्याचे वाचन व विवेचन केले. त्याचा काळ इ. स. पू. दुसरे ते पहिले शतक असा वेगवेगळा सांगितला जातो. अलीकडील अभ्यासकांचा कल पहिल्या शतकाकडे आहे. लेखाच्या प्रारंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व चार लोकपाल यांना वंदन आहे. त्यानंतर अश्वमेध, राजसूय इ. यज्ञांचा आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण यांचा निर्देश येतो. दक्षिणेच्या संख्या अंकचिन्हांत दिल्या असल्याने भारतीय अंकांच्या इतिहासातही या लेखास मोठे स्थान आहे. लेण्याच्या मागील भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका व सातकर्णी, काही कुमार आणि एक महारठी यांच्या नावांच्या पट्ट्या असून त्यांखाली एकेकाळी त्यांच्या प्रतिमा होत्या. आज पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत.

राजघराण्याने आपली यज्ञकीर्ती राजधानीत न कोरता घाटाच्या खिंडीत का कोरली, या प्रश्नाचे उत्तर वाटेच्या वर्दळीत आहे. जो लेख अनेकांनी पाहावा अशी इच्छा असेल, तो जेथून सर्वांना जावेच लागते अशा ठिकाणी कोरला जातो. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा व कल्याण या बंदरांचा आणि पैठण व तेर या देशावरील बाजारपेठांचा उल्लेख आहे. या दोहोंमधील एक सोयीचा मार्ग जुन्नर व नाणेघाट यांवरून जातो. घाटातील एका टाक्याच्या दानलेखात दाता सोपाऱ्याचा गोविंददास असल्याचे म्हटले आहे. राणीच्या भव्य लेखापुढे हा एका ओळीचा लेख क्षुल्लक वाटतो. तथापि वाटेचा इतिहास लिहिणाऱ्यास तोच अधिक मोलाचा आहे, कारण किनाऱ्यावरील माणसाने घाटमाथ्यावर वाटसरूंसाठी पाण्याची सोय केल्याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे. खिंडीच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण असून त्यात जकातीची नाणी टाकीत, अशी समजूत आहे. घाटात जकात घेतली जाणे संभवनीय असले, तरी रांजणाचा हा उपयोग केवळ परंपरेने सांगितला जातो. घाटाच्या रक्षणासाठी शेजारीच जीवधन किल्ला आहे. खिंडीलगतचा ‘नानाचा अंगठा’ हा सुळक्यासारखा कडा महामार्गावरून दुरूनच ओळखू येतो.

मुरबाड तालुक्यातील अन्य वाटांपैकी दाऱ्या घाट हा पळू-सिंगापूर परिसरातून घळीमार्गे जुन्नर तालुक्यातील आंबोलीकडे चढतो. ढाकोबाचा कडा त्याच्या शेजारी आहे. खोपिवलीहून आंबेगाव तालुक्यातील आहुपे गावी जाणारा आहुपे घाट चढास तुलनेने सुगम आहे. गोरखगड व मच्छिंद्रगड हे जोडकिल्ले त्याच्या जवळच आहेत. बेलपाड्याहून साधले घाटाने अकोले तालुक्यातील पाचनईकडे जाता येते. याच गावातून कोकणकड्याच्या कुशीतून वर जाणारी नळीची वाट फार उभी असून सुट्या धोंड्यांमुळे धोक्याची आहे. ती केवळ अनुभवी गिर्यारोहकांचीच म्हणावी लागेल. शहापूर तालुक्यात डेहणे गाव हे अनेक वाटांचे पायथ्याचे ठाणे आहे. त्याच्या माथ्यावरील आजा पर्वताशी वाल्मीकी व लव-कुश यांच्या आख्यायिका निगडित आहेत. साम्रदजवळची सांदण दरी व तिच्या बाजूचा करोली घाट या भागातच उतरतात. चोंढे येथील घाट अकोल्यातील घाटघरकडे जातो. तेथे आता माथ्यावरील व पायथ्याच्या अशा दोन जलाशयांमध्ये पाणी खेळवून वीज निर्माण करणारा २५० मेवॉ. क्षमतेचा उदंचन जलविद्युत् प्रकल्प आहे.

तालुक्याच्या उत्तर टोकाशी असलेला थळ (कसारा) घाट हा या वाटांच्या ऱ्हासाचे मुख्य कारण ठरला. कसारा-इगतपुरी लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. सु. ३०० मी.ची चढण ३७ मी.स १ मी. एवढ्या तीव्र उतारावरून पार करण्यासाठी गाड्यांना मागून जादा एंजिने जोडावी लागतात. दूरच्या मालाची वाहतूक रेल्वेकडे गेल्यावर बैलांचे तांडे हळूहळू नाहीसे झाले. पुढे कल्याण-अहमदनगर मोटाररस्ता माळशेज घाटातून गेल्याने नाणेघाटाचे उरलेसुरले महत्त्वही संपले. कसारा व माळशेज यांमधील सरळ रेषेतील चाळीसेक किमी.च्या पट्ट्यात मात्र नियमित वाहतुकीचा रस्ता झालेला नाही आणि गावकऱ्यांच्या वाटा मुख्यतः तेथेच जिवंत राहिल्या.

या वाटांचे खरे जाणकार म्हणजे पायथ्याच्या व माथ्याच्या वाड्यांतील महादेव कोळी, ठाकर व कातकरी लोक. घाटाखालची व घाटावरची महादेव कोळी गावे नात्यागोत्याने बांधलेली असल्याने लग्नकार्य, जत्रा व बाजार यांसाठी माणसे वर-खाली करीत आली आहेत. पौष पौर्णिमेपासून भरणारी म्हसा (ता. मुरबाड) येथील खांबलिंगेश्वराची यात्रा बैलबाजार व घोंगड्या यांसाठी प्रसिद्ध असून तिच्यासाठी देशावरूनही लोक येतात. वाटेची निगा राखण्याची कोणतीही स्वतंत्र व्यवस्था नव्हती. जाता-येता धोंडा बाजूला करणे, कारवी तोडणे व पावसाळ्यानंतर ढासळलेला काठ रचून घेणे हीच तिची दुरुस्ती होती. ही वर्दळ थांबली की कारवी माजते, घसारा फरसबंदीवर साचतो आणि एखादी दरड कोसळली, म्हणजे पुढचा मार्ग नव्या माणसास सापडत नाही.

अशा आडवाटांचा राजकीय उपयोगही वेळोवेळी झाला. शहापूरजवळील माहुली किल्ल्याचा आश्रय शहाजी राजांनी १६३६ च्या सुमारास घेतला होता. अलीकडच्या काळातील घटना म्हणजे १९४२ च्या चळवळीतील भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याची. वीजवाहक मनोरे पाडणाऱ्या या दस्त्याने सिद्धगडाच्या जंगलात आसरा घेतला असता २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांनी त्यांना गाठले व गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. सिद्धगडावर दरवर्षी त्यांचा स्मृतिदिन पाळण्यात येतो.

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या ४७ ई या मालेतील नकाशांत अनेक घाटवाटा तुटक रेषांनी दाखविल्या आहेत. परंतु नकाशावरील रेषा म्हणजे चालण्याजोगी वाट नव्हे, आणि चालण्याचा हक्कही नव्हे. इंग्लंड-वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांची अधिकृत नकाशांवर नोंद करणे स्थानिक शासनांवर बंधनकारक झाले. नोंदलेली वाट कोणास परस्पर बंद करता येत नाही. आपल्याकडे घाटवाटांना असा स्वतंत्र दर्जा नाही. काही वाटा वनक्षेत्रातून, तर सिद्धगड परिसरातील वाटा भीमाशंकर अभयारण्यातून जातात. दुसरीकडे, गेल्या काही दशकांत शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांनी मोजक्या चार-दोन वाटा रुळवून टाकल्या आहेत. नाणेघाट, सांदण दरी येथे गर्दी व कचरा, तर शेजारच्याच वाटांवर माणूसही नाही, अशी विषम स्थिती आहे. वाट दाखविणे हे वाड्यांतील तरुणांच्या उत्पन्नाचे साधन झाल्याने काही वाटांची साफसफाई पुन्हा होऊ लागली आहे. तथापि आडवाटांची माहिती बव्हंशी वृद्धांच्याच स्मरणात आहे.

चालण्यास ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जून ते सप्टेंबरमध्ये माथ्यावर अतिशय पाऊस पडतो. नाळांमध्ये अकस्मात लोंढे येतात व धुक्यात दिशा समजत नाही, म्हणून त्या काळात नाळेच्या वाटा टाळणेच इष्ट. मार्चनंतर बहुतेक झरे आटतात. अशा वेळी नाणेघाटातील खोदीव टाक्यांत मात्र पाणी आढळते.