चिमुकलं डिझेल इंजिन खेळणं का वाटतं?

पुण्यात कोथरूडच्या लघुरेल्वे संग्रहालयात मुलं काचेला नाक लावून उभी असतात. तशाच गाड्या घरी जमवणाऱ्यांना मात्र एक प्रश्न छळतो: सगळी मापं बरोबर असूनही इंजिन खेळण्यासारखं का दिसतं?

जगभर लोकप्रिय असलेल्या एचओ मापात मॉडेल मूळ वस्तूच्या 87 पट लहान असतं. खऱ्या डिझेल इंजिनाच्या कडेचा कठडा सुमारे साडेतीन सेंटीमीटर जाड धरला, तर मॉडेलवर तो जेमतेम 0.4 मिलिमीटर हवा. साच्यात इतकं बारीक प्लास्टिक नीट भरत नाही, भरलंच तर पटकन मोडतं. म्हणून कठडे जाड ओततात. एक मिलिमीटरचा कठडा म्हणजे खऱ्या इंजिनावर जवळपास नऊ सेंटीमीटरचा खांब! डोळा तिथेच अडखळतो. तो जाड कठडा काढून 0.4 मिलिमीटरची पितळी तार बसवली की इंजिनाचा चेहराच पालटतो.

दुसरी गोम रंगात आहे. मॉडेल आपण हातभर अंतरावरून पाहतो. खरं इंजिन तेवढंच दिसायला पन्नास-साठ मीटर दूर हवं. मधली हवा आणि धूळ प्रकाश विखुरतात, त्यामुळे लांबचे गडद रंग फिकटतात, सह्याद्रीच्या दूरच्या रांगा राखाडी-निळ्या दिसतात तसे. म्हणून काळ्यात थोडा करडा मिसळावा. चकाकी तर हवीच कशाला? त्यात खोलीतला दिवा चमकतो आणि फसवणूक उघडी पडते.

हाताशी जुनं मॉडेल असेल तर आधी मॅट वार्निशचा एक पातळ हात देऊन पाहा. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडतो.