पानांतील कारखाना आणि माळव्याचे सोयाबीन

संपादक मंडळाने या वर्षीच्या स्मरणिकेसाठी धान्य-बाजारावर काही लिहावे असा आग्रह केला. भावांची कोष्टके आणि मंडीचे नियम यांवर अधिकारी मंडळी दरवर्षी लिहितातच. म्हणून मी एक वेगळाच विषय घेतला आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने काही सांगण्याचा आव मी आणीत नाही. कृषी महाविद्यालयात शिकणारा माझा पुतण्या गेली तीन वर्षे रात्रीच्या जेवणानंतर मला हा विषय समजावून देत आहे. त्यातून जे उमगले आणि चाळीस वर्षे धान्य हाताळल्यामुळे ज्याची खूण पटली, तेवढेच येथे मांडतो.

ज्या दाण्यावर आपली पेढी चालते तो दाणा मुळात हवेचा बनलेला असतो, हे ऐकून मला प्रथम हसू आले होते. परंतु ते खरे आहे. झाडाचे वाळलेले वजन मातीतून फार थोडे येते. बहुतेक सारे हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडमधून, म्हणजे शाळेत शिकलेल्या कर्बवायूमधून, आणि पाण्यातून येते. पान सूर्यप्रकाशाच्या बळावर या दोहोंची साखर करते. यास प्रकाशसंश्लेषण म्हणतात. हवेतील कर्ब साखरेत कोणत्या पायऱ्यांनी जातो, हे अमेरिकेतील बर्कले येथे मेल्विन काल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी किरणोत्सारी कर्ब वापरून शोधिले. त्या कार्याबद्दल काल्विन यांस 1961 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या कारखान्यातील मुख्य कामगाराकडे वळू. त्याचे नाव रुबिस्को. हे एक विकर आहे. कर्बवायूचा कण उचलून साखरेच्या साच्यात बसविणे हे त्याचे काम. कामगार मोठा आळशी आहे. सेकंदाला तीन-चार कण, एवढाच त्याचा उरक. म्हणून झाडाला असे कामगार पानात खच्चून भरावे लागतात. आळशीपणा एक वेळ चालला असता, पण त्याला माल ओळखता येत नाही! हवेच्या दहा हजार भागांत कर्बवायू सुमारे चार भाग, तर प्राणवायू सुमारे दोन हजार शंभर भाग. एवढ्या गर्दीत रुबिस्को अनेकदा कर्बवायूऐवजी प्राणवायू उचलतो. साधारण चार-पाच खेपांत एक खेप अशी चुकते. गहू निवडणाऱ्या बाईने दर पाचव्या वेळी दाण्याऐवजी खडा सुपात ठेवावा, तसा हा प्रकार आहे. दोष त्याचा एकट्याचा नव्हे. हे विकर ज्या युगात घडले त्या युगात पृथ्वीवरील हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हताच. त्यामुळे वेगळे ओळखण्याची गरज कोणास पडली नव्हती.

चूक झाल्यावर जो निरुपयोगी पदार्थ तयार होतो तो झाडाला टाकून देता येत नाही. तो हरितलवकातून दुसऱ्या कोठडीत, तेथून तिसरीत, आणि पुन्हा माघारी असा फिरवून दुरुस्त करावा लागतो. या फेऱ्यात शक्ती खर्च होते आणि हाती आलेला काही कर्ब पुन्हा हवेत निसटतो. यास प्रकाशश्वसन म्हणतात. इंदूरचा माल उज्जैनला, उज्जैनचा रतलामला आणि रतलामचा परत इंदूरला आणून विकण्यासारखा हा उपद्व्याप आहे. भाडे आणि तूट दोन्ही आपल्या माथी. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणे अमेरिकेतील सोयाबीनचे सुमारे 36 टक्के आणि गव्हाचे सुमारे 20 टक्के उत्पन्न या फेऱ्यापायी जाते. उष्णता वाढली म्हणजे रुबिस्कोच्या चुकाही वाढतात, ही गोष्ट माळव्याच्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

गंमत अशी की निसर्गाने यावर एक तोड काढलेली आहे आणि ती आपल्या थप्पीत रोज असते. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस ही पिके या तोट्यातून बहुतांशी सुटलेली आहेत. त्यांच्या पानात बाहेरच्या पेशींमध्ये दुसरे एक विकर कर्बवायू पकडते, आणि ते प्राणवायूला भुलत नाही. पकडलेला कर्ब शिरांभोवतीच्या आतल्या पेशींत पोचविला जातो. तेथे रुबिस्को बसलेला असतो, पण त्याच्यासमोर कर्बवायूचाच ढीग ओतलेला असल्याने चुकण्यास फारशी संधी उरत नाही. खेड्यातील आडत्याने माल पारखून गोळा करावा आणि गिरणीला शुद्ध माल पुरवावा, तशी ही व्यवस्था आहे. उसातील ही रीत हॅच आणि स्लॅक या दोघांनी ऑस्ट्रेलियात 1966 साली उलगडून दाखविली. ज्वारी कमी पाण्यावर, कडक उन्हात का तग धरते याचे एक कारण यात आहे. गहू, भात, हरभरा, तूर, भुईमूग आणि सोयाबीन यांना मात्र ही विद्या नाही. भाताला ती शिकवावी म्हणून फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था व ऑक्सफर्डसह अनेक विद्यापीठे दीर्घकाळ झटत आहेत. पानाची सारी रचनाच बदलावयाची असल्यामुळे काम अवघड आहे. तसा भात अद्याप शेतात उभा राहिलेला नाही.

दुसरी वाट अधिक आटोपशीर आहे, आणि तिचा आपल्या सोयाबीनशी थेट संबंध येतो. 1964 साली जबलपूरला जे कृषी विश्वविद्यालय निघाले, त्याचे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाशी सहकार्य होते, आणि माळव्याच्या काळ्या जमिनीत सोयाबीन रुजले त्यामागे या सहकार्याचा मोठा हात आहे. त्यापूर्वी आमच्याकडे पावसाळ्यात कितीतरी शेते पडीत ठेवून केवळ रब्बीचा गहू-हरभरा काढीत. माझे वडील सोयाबीनला प्रथम 'गुरांचा दाणा' म्हणून नाके मुरडीत. पुढे त्याच दाण्यावर त्यांनी दुसरे गोदाम बांधले! असो. त्याच इलिनॉय विद्यापीठात 2012 सालापासून पिकांचे प्रकाशसंश्लेषण सुधारण्याचा एक मोठा प्रकल्प चालू आहे.

त्यांची पहिली युक्ती उन्हाविषयीची. भर उन्हात पानावर झेपेल त्यापेक्षा जास्त प्रकाश पडतो. तो जाळू नये म्हणून पान जादा शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकण्याची व्यवस्था सुरू करते. ढग आला किंवा वरच्या पानाची सावली पडली की ही व्यवस्था ताबडतोब बंद व्हावयास हवी. पण तिला कित्येक मिनिटे लागतात. मंडीत सर आली की हमाल ढिगावर ताडपत्री टाकतात. पाऊस थांबल्यावरही अर्धा तास ताडपत्री कोणी काढली नाही तर लिलाव खोळंबतो, त्यातलाच हा प्रकार. मोहरीच्या कुळातील अराबिडॉप्सिस नावाच्या एका रानरोपातील तीन जनुके घालून शास्त्रज्ञांनी ही ताडपत्री लवकर निघेल असे केले. 2016 साली तंबाखूच्या रोपांचे वजन त्यामुळे सुमारे 15 टक्क्यांनी वाढल्याचे त्यांनी दाखविले. तंबाखू निवडली ती केवळ तिच्यात जनुके घालणे सोपे म्हणून. 2022 साली सोयाबीनचे निकाल आले: पाच वाणांत दाण्याचे उत्पन्न सरासरी 24 टक्क्यांच्या वर वाढले, एकात 33 टक्क्यांपर्यंत, आणि दाण्यातील प्रथिने व तेल मात्र कमी झाले नाही.

दुसरी युक्ती वर सांगितलेल्या वायफळ फेऱ्याची. 2019 साली त्याच मंडळींनी हरितलवकातच दुरुस्तीचा आखूड रस्ता बांधला. त्यासाठी एक जनुक हिरव्या शेवाळाचे आणि दुसरे चक्क भोपळ्याचे घेतले, व माल बाहेर जाण्याचे जुने दारही बरेचसे लावून घेतले. शेतातील तंबाखूचे वजन 40 टक्क्यांपर्यंत वाढले. पुढे हाच रस्ता बटाट्यात बांधून पाहिला (आमच्या बहुसंख्य सभासदांच्या स्वयंपाकघरात बटाट्यास मज्जाव आहे, तरी दाखल्यापुरती क्षमा असावी). 2022 च्या हंगामात उष्णतेच्या लाटा येऊनही कंदांचे वजन 30 टक्के अधिक भरले.

हे आकडे वाचून कोणाचेही मन उचंबळेल. माझेही उचंबळले असते, पण मला एक जुनी ठेच आठवते. दुप्पट उताऱ्याचे म्हणून गाजविलेले सोयाबीनचे बियाणे एका वर्षी मी चाळीसेक शेतकऱ्यांस उधारीवर दिले. उगवण निम्मीही झाली नाही. सोयाबीनची साल नाजूक. पोती उंचावरून आपटली तरी अंकुर मरतो, हे जाहिरातीत कोठे लिहिलेले नव्हते. उधारी बुडाली ती बुडालीच, वर तीन वर्षे त्या गावांत तोंड दाखविण्याची सोय राहिली नाही. तेव्हापासून उताऱ्याचा आकडा ऐकला की मी विचारतो, किती वर्षांचा आणि किती शेतांचा?

इलिनॉयच्या सोयाबीनचे दुसऱ्या वर्षी काय झाले, तेही त्यांच्याच लेखात आहे. वादळाने पीक लवकर आडवे पडले आणि वाढ स्पष्ट दिसली नाही. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, जी तीन जनुके अराबिडॉप्सिसमधून घेतली तीच जर्मनीतील शास्त्रज्ञांनी 2020 साली त्या रोपालाच जादा देऊन पाहिली, तर रोप वाढण्याऐवजी खुजे राहिले. 2023 साली काही पीकशास्त्रज्ञांनी 'नेचर' नियतकालिकात उघड लिहिले की, उत्पन्नाचे दावे अनेक वर्षे, अनेक ठिकाणी, प्रचलित उत्तम वाणांशी तोलल्याशिवाय करू नयेत. मला हे लिहिणाऱ्यांचे म्हणणे पटते. आपल्या देशात सोयाबीनचा उतारा हेक्टरी टनाच्या आसपास घुटमळतो, अमेरिकेत तो तिप्पट आहे. या तफावतीचे खापर रुबिस्कोवर फोडता येणार नाही, कारण तेथेही तोच रुबिस्को आहे. आमच्याकडे पाऊस वेळेवर नसतो, कीड पडते, बियाणे जुने असते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. परके जनुक घातलेले पीक म्हणून भारतात 2002 साली कापसाला मान्यता मिळाली. वांग्याला 2010 साली स्थगिती दिली गेली. मोहरीला 2022 साली पर्यावरणीय संमती मिळाली, पण जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. मात्र परके जनुक न घालता झाडाच्या स्वतःच्याच जनुकात बारीक दुरुस्ती केली तर 2022 पासून नियम बरेच सैल आहेत. मे 2025 मध्ये जाहीर झालेले भाताचे दोन वाण याच रीतीचे असून, त्यांपैकी 'कमला' हे हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचे आहे. त्यांचा प्रकाशसंश्लेषणाशी थेट संबंध नाही. परंतु 2024 साली बर्कलेच्या शास्त्रज्ञांनी वर सांगितलेल्या तिहींपैकी एक जनुक भातात, बाहेरचे काहीही न घालता, अधिक जोमाने चालविण्यात यश मिळविले. ही वाट आपल्याकडे आधी पोचेल असे मला वाटते.

आता आपल्या गल्ल्याचा प्रश्न. 2024 च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि माळव्याच्या मंड्यांत भाव त्याच्या बराच खाली होता. अशा वर्षी उतारा चोवीस टक्के वाढला असता तर तो शेतकऱ्याच्या पदरी पडला असता की भाव आणखी पाडण्यात गेला असता, याचा विचार शास्त्रज्ञांनी नव्हे, आपण करावयाचा आहे. दुसरे असे की, भारताची सोयापेंड, जिला आपण डीओसी म्हणतो, ती जनुकबदल न केलेली म्हणून परदेशांत, विशेषतः युरोपात, काही ग्राहक जादा भावाने घेतात. 2021 साली कोंबड्यांच्या खाद्यासाठी जनुकबदललेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करण्यास सरकारने परवानगी दिली, तेव्हा इंदूरच्या सॉल्व्हंट प्लँटवाल्यांत केवढी खळबळ झाली होती, हे अनेकांस स्मरत असेल.

उद्या असे बियाणे येथे आलेच, तर दाणा हातात घेऊन ते ओळखू येणार नाही. मी आजही सोयाबीन दाताखाली फोडून ओल सांगतो आणि यंत्राशी अर्ध्या टक्क्याचाच फरक पडतो. पण ज्या दाण्याचा रंग तोच, तेल तेच आणि प्रथिनेही तीच, तेथे दात काय सांगणार? प्रत्येक ढिगामागे प्रयोगशाळेची चिठ्ठी लागेल, आणि त्या चिठ्ठीचा खर्च शेतकऱ्याच्या पट्टीतून कापावा, आडतीत धरावा की गिरणीच्या खाती लिहावा, यावरून मंडीत पहिले भांडण होईल.