ट्यूबलेस टायराचें पंक्चर : वाटेवरचे उपाय व त्यांचें तारतम्य

शेतमालाच्या धंद्यांत वेळ ही केवढी मोलाची वस्तु आहे हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. कोथिंबीर, मेथी किंवा टोमॅटो यांचा भाव सूर्याबरोबर चढत नाहीं, उतरतो मात्र. रात्रीं माल भरून पहांटेच्या लिलावास पोहोंचविणें ज्यांच्या नशिबीं आहे, त्यांस वाटेंत टायर बसला म्हणजे काय होतें याचा अनुभव आहेच. पूर्वीं पंक्चर झालें कीं चाक खोलणें, ट्यूब काढणें व ठिगळ लावणें यावांचून दुसरी गति नव्हती, त्यामुळें विचार करण्याचेंहि कारण नसे. आतां मोटारसायकली, मोटारी व पुष्कळशा पिकअप गाड्या यांस ट्यूबलेस टायर आले आहेत, आणि त्यांस वाटेवर करावयाचे उपाय एकाहून अधिक आहेत. उपाय अनेक झाले म्हणजे चुकाहि अनेक होतात.

अशाच एका चुकीचें प्रायश्चित्त मला घडलें. कांहीं वर्षांपूर्वीं पुतण्याच्या पिकअपमध्यें कोथिंबिरीच्या जुड्या भरून आम्ही ओतुराहून माळशेज घाटानें कल्याणच्या बाजारास निघालों होतों. आदल्याच आठवड्यांत मागील चाकाच्या बगलेंत एक जाड तार शिरली होती, व रस्त्याकडेच्या एका दुकानदारानें तेथें रबराची वादी ठोंसून "आतां काळजी नाहीं" असें सांगितलें होतें. घाट उतरतांना ओझें व वळणें यांच्या ताणानें ती वादी निसटली. वेग कमी होता व पुतण्यानें गाडी वेळींच आंतल्या अंगास घेतली, म्हणून हा लेख लिहावयास मी उरलों. उतारावर जॅक घसरूं लागला. अर्धा माल खालीं उतरवावा लागला. कल्याणास पोहोंचलों तों लिलाव संपला होता, व जुड्या मिळेल त्या भावास द्याव्या लागल्या. महसूल खात्यांत पंचनामे लिहिण्यांत उमर गेल्यामुळें झाल्या गोष्टीचें कारण शोधून नोंद ठेवण्याची मला खोड आहे. त्या नोंदींतून व पुढें मिळविलेल्या माहितींतून हा मजकूर सिद्ध केला आहे.

हवेच्या टायराचें पहिलें पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यानें १८४५ सालीं घेतलें होतें. पण तें विसरलें गेलें, आणि बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें १८८८ सालीं स्वतंत्रपणें तीच युक्ति काढून ती चालू केली. ट्यूबलेस टायर त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं निघाला. अमेरिकेंतील गुडरिच कंपनीचा फ्रँक हर्झेग यास त्याचें पेटंट १९५२ सालीं मिळालें, व १९५५ च्या सुमारास तेथील नव्या मोटारींस तो सर्रास बसूं लागला. यांत ट्यूब मुळींच नाहींशी झाली असें नाहीं. ती टायराच्या पोटास चिकटली, इतकेंच. टायराच्या आंतील बाजूस ब्युटिल जातीच्या रबराचें अस्तर असतें, त्यांतून हवा जवळजवळ पाझरत नाहीं. टायराचा कांठ पोलादी तारांचा असून तो हवेच्या दाबानें रिमवर घट्ट दाबला जातो, आणि वॉल्व्ह रिमलाच पक्का केलेला असतो.

ही रचना ध्यानांत आली म्हणजे पंक्चराचा स्वभावहि ध्यानांत येतो. ट्यूब ही फुग्यासारखी ताणलेली असते; टोंचली कीं फाटत जाते. ट्यूबलेस टायरांत खिळा शिरला तर भोंवतालचें जाड रबर त्यास आवळून धरितें व हवा हळूहळू निघते. म्हणून पहिला नियम असा कीं, खिळा दिसला कीं उपटण्याची घाई करूं नये. तो खिळाच तूर्त बूच असतो. ऊसतोडीच्या हंगामांत बैलांच्या पत्र्यांचे खिळे आमच्या रस्त्यांवर पुष्कळ सांपडतात, व ते आंखूड असल्यानें कित्येकदां आरपार गेलेलेहि नसतात. असा खिळा उगाच उपटून पाहणें म्हणजे नसलेलें पंक्चर करून घेणें होय. साबणाचें पाणी टाकावें. बुडबुडे न आले तर तो कानशीनें घासून वा अलगद पकडीनें काढावा. बुडबुडे येतात परंतु मंद येतात असें दिसल्यास हवा भरून दहा मिनिटें थांबावें व मापकानें किती पौंड उतरली तें पाहावें. दोन-तीन पौंडांहून कमी उतरली असेल, तर खिळ्यासकट, सावकाश, मधून मधून हवा भरीत दुकान गांठणें हाच सर्वांत उत्तम उपाय होय. यास एक पायपंप किंवा गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारा लहान विजेचा पंप पुरे होतो. माझ्या मतें पंप हें पंक्चराच्या सामानांतील पहिलें हत्यार आहे, बाकीचीं मागाहून.

बसलेल्या टायरावर मात्र गाडी चालवूं नये. "दुकान तर समोरच आहे" असें म्हणून लोक अर्धा मैल तशीच रेटतात. तेवढ्यांत रिम व रस्ता यांच्यामध्यें टायराची बगल चिरडली जाते आणि आंतील अस्तराचा भुगा होतो. पंक्चर दोन मिनिटांत निघतें, परंतु टायर फुकट जातो. आणि बाहेरून तो धडधाकट दिसत असल्यानें पुढें ओझ्याखालीं केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं.

हवा टिकतच नसेल तर वादीचा उपाय करावा. हा आज सर्वांत प्रचलित असून खेडोपाडींचा दुकानदार तोच करितो, आणि शिकण्यास अवघडहि नाहीं. साहित्य थोडें लागतें: मुठीची एक गोल कानस, मुठीचेंच एक दाभण ज्याच्या टोंकास नेढें असतें, चिकट रबरांत मुरविलेल्या दोऱ्याच्या वाद्या, सोल्यूशनची नळी, पकड व सुरी. खिळा उपटण्यापूर्वींच वादी नेढ्यांत ओंवून, दोन्ही शेपट्या सारख्या करून, सोल्यूशन लावून तयार ठेवावी. पुष्कळ जण आधीं खिळा उपटतात व मग पिशवी चाचपीत बसतात. तोंवर टायर मऊ पडतो, आणि मऊ टायर दाभणाखालीं दबतो, दाभण आंत शिरूं देत नाहीं. खिळा तिरपा असेल तर तो कोन पाहून ठेवावा, व कानस त्याच कोनांत घालून पांच-सहा वेळां आंतबाहेर करावी. येथें नवख्याचा हात कचरतो. भोंक मोठें होईल अशी त्यास भीति वाटते. परंतु न घासलेल्या भोंकांत पोलादी तारांचीं तुटकीं टोंकें उभीं असतात व तीं वादी कातरतात. शिवाय गुळगुळीत रबरास सोल्यूशन धरीत नाहीं.

नंतर दाभण सगळें बळ लावून आंत दाबावें, वादीच्या शेपट्या बाहेर अर्धा इंच उरतील इतकें. मग तें सरळ व झटक्यानें ओढून घ्यावें. पीळ देऊं नये. नेढें एका बाजूस उघडें असल्यानें दाभण बाहेर येतें व वादी दुमडून आंत राहते. शेपट्या नक्षीच्या वर दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापाव्या, व कापतांना ताणूं नयेत. हवा पूर्ण भरून साबणाच्या पाण्यानें पुन्हा परीक्षा करावी. भोंक रुंद असून बुडबुडे थांबत नसतील तर दुसरी वादी तिच्या शेजारीं घालतात. तिसरी घालण्याची पाळी आली तर तें भोंक या उपायाचें नव्हे असें समजावें.

या वादीचा भरंवसा किती धरावा याविषयीं दुकानदार व शास्त्र यांचा मतभेद आहे. दुकानदार म्हणतो, टायर झिजेपर्यंत पाहावयास नको. आणि मोटारसायकलीच्या मागील चाकांत अशा वाद्या वर्षानुवर्षें टिकलेल्या मींहि पाहिल्या आहेत. परंतु वादी भोंक भरते, आंतील अस्तर जोडीत नाहीं. तेथून ओल शिरून पोलादी तारांस गंज चढूं शकतो. शिवाय खिळ्यानें आंत किती नासधूस केली हें टायर रिमवरून काढल्याखेरीज कोणासच दिसत नाहीं. म्हणूनच अमेरिकेंतील टायर कारखानदारांच्या संघाचा दंडक असा आहे कीं, टायर उतरवून आंतून तपासावा आणि देंठ व ठिगळ एकत्र असलेला तुकडा आंतून बसवावा. नुसती वादी किंवा नुसतें ठिगळ पुरें मानूं नये. भोंक ६ मिलिमीटरांहून मोठें नसावें व तें नक्षीच्या भागांतच असावें, हीहि त्यांची अट आहे. ब्रिटिश मानकांतहि साधी दुरुस्ती नक्षीच्या मधल्या तीन-चतुर्थांश रुंदींतच मान्य केली आहे. बगल प्रत्येक फेऱ्यास वाकते व उलगडते; तेथें घातलेली वादी सारखी चघळली जाते. माझ्या कोथिंबिरीचें उत्तर या एका वाक्यांत होतें, परंतु तें मला उशिरां समजलें.

वादी घालून घरीं यावें, व सवडीनें तालुक्याच्या गांवीं आंतून ठिगळ लावून घ्यावें, असा माझा परिपाठ आहे. मोटारसायकलीच्या पुढील चाकाविषयीं तर मी फारच कडक आहें. मागील चाक बसलें तर गाडी डोलते. पुढील बसलें तर माणूस पडतो.

अळंबीच्या आकाराचे रबरी प्लगहि मिळतात. ते एका पोकळ नळींतून आंत ढकलावयाचे. आंत गेल्यावर त्यांचें डोकें पसरतें व देंठ बाहेर ओढला कीं डोकें अस्तरास आंतून टेकतें. सोल्यूशन लागत नाहीं, काम स्वच्छ होतें. परंतु पोलादी पट्ट्यांच्या टायरांत हा देंठ तारांनीं हळूहळू कापला जातो, म्हणून दुचाकीस तो ठीक, ओझ्याच्या गाडीस मी त्याची शिफारस करणार नाहीं.

आतां औषधाकडे वळूं. वॉल्व्हमधून आंत सोडावयाचें हें दुधासारखें द्रव्य हवेबरोबर भोंकांकडे धांवतें व तेथें गोठून बूच होतें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें याचा खरा उपयोग काट्यांवर आहे. बाभळीचे व विशेषतः वेड्या बाभळीचे काटे आंत शिरून मोडतात. बाहेरून कांहींच दिसत नाहीं, आणि एका टायरांत पांच-सात ठिकाणीं बारीक गळती लागते. इतक्या जागीं वाद्या घालणें म्हणजे टायराची चाळण करणें होय. अशा वेळीं औषध घालून, लागलीच कांहीं किलोमीटर हळू चालवून, पुन्हा हवा पाहावी. बांधावरून रोज जाणाऱ्या मोटारसायकलीस तें आधींच भरून ठेवण्याची चाल पडली आहे, व ती वाईट नाहीं. मात्र बगलेवर किंवा रुंद भोंकावर तें निरुपयोगी आहे. त्यास मुदत असते, ती बाटलीवर वाचावी. दाबाखालील डबा उन्हांत तापणाऱ्या गाडींत ठेवूं नये, आणि कांहीं डब्यांतील वायु ज्वालाग्राही असतो, म्हणून पुढें टायर उघडणाऱ्या कारागिरास आंत औषध आहे हें अगत्य सांगावें. नाहीं तरी तो तो चिकटा पाहून शिव्या देणारच.

टायराचा कांठ रिमवरून सुटला तर यांपैकीं कोणताच उपाय चालत नाहीं, कारण पायपंपाची हवा तो पुन्हा बसवूं शकत नाहीं. त्यास मोठा कंप्रेसर पाहिजे. कांहीं धाडसी लोक टायरांत पेट्रोल शिंपडून काडी लावितात व कांठ धडाक्यानें बसवितात. हा खेळ कोणीहि करूं नये. चिरलेल्या टायरांत ट्यूब घालून वेळ मारून नेतात, तें बाजारापर्यंत पोहोंचण्यास चालेल; परंतु मग तो ट्यूबचाच टायर झाला व तिचे सारे दोष, विशेषतः एकदम फुटण्याचा, परत आले. ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरांत आपल्याकडे बहुधा ट्यूबच असते, त्यांची गोष्ट निराळी.

बगल फाटल्यावर खरा आधार स्टेपनीचा. हा शब्द आपण इतका घरचा करून टाकिला आहे कीं, तो वेल्समधील लॅनेली गांवच्या स्टेपनी रस्त्यावरून आला हें कोणाच्या ध्यानींमनीं नसतें. तेथील डेव्हिस बंधूंनीं १९०४ सालीं जादा चाक विकावयास काढलें होतें. वाचकांनीं एक गोष्ट मात्र तपासून पाहावी. केंद्र सरकारनें २०२० सालीं मोटार नियमांत दुरुस्ती करून, ट्यूबलेस टायर, दाब दाखविणारें यंत्र व दुरुस्तीचें सामान दिलें असल्यास लहान प्रवासी मोटारींस स्टेपनी न देण्याची मुभा दिली आहे. नवी मोटार घेतांना मागचें झांकण उघडून चाक आहे कीं बाटली आहे हें पाहावें. ज्यास घाटांतून व आडरस्त्यांनीं जावें लागतें त्यानें चाक निराळें विकत घ्यावें.

वादीचें सामान पांचशें रुपयांच्या आंत मिळतें. त्यांतील सोल्यूशनची नळी एकदां उघडली कीं आंतल्या आंत सुकते, आणि हें अंधारांत, रस्त्याच्या कडेला कळतें. मी दोन लहान नळ्या ठेवितों. खंडेनवमीस घरांतील विळे, कुऱ्हाडी पूजेस बाहेर निघतात, तेव्हां ती पिशवीहि पाटावर येते. त्याच दिवशीं जुन्या नळ्या टाकून नव्या ठेवितों, व पंपाची रबरी नळी वांकवून चिरली आहे कीं काय तें पाहतों.